घंटेचा टोल कोणी द्यायचा? शाळा आणि आपत्ती : वाचकांचे प्रश्न

माध्यमिक शाळांतल्या आपत्तीच्या तयारीविषयी आलेल्या पत्रांतून निवडलेले हे प्रश्न. पत्रलेखकांची आणि शाळांची नावे गाळली आहेत.

आमच्या शाळेचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा तयार आहे. समितीत अकरा जण आहेत, अध्यक्ष अर्थातच मुख्याध्यापक. पण सरांना बैठकांसाठी सारखे तालुक्याला, कधी अलिबागला जावे लागते. पावसाळ्यात सावित्रीचे पाणी चढू लागले आणि सर शाळेत नसले, तर निर्णय कोणी घ्यायचा?
— पर्यवेक्षिका, महाड तालुका

ज्या आराखड्यात या प्रश्नाचे उत्तर नाही, तो अजून अपुरा आहे असेच समजा. अकरा नावांची समिती बैठकीसाठी ठीक. पाणी चढत असताना मात्र एकच माणूस निर्णय घेणारा लागतो, आणि तो कोण हे इतर सगळ्यांना आधीपासून माहीत असावे लागते.

जपानमधल्या इशिनोमाकी शहरातल्या ओकावा शाळेची हकिकत प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचायला हवी. शाळा प्राथमिक होती, पण चूक कोणत्याही शाळेत होईल अशी आहे. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला. शिक्षकांनी मुलांना नीट बाहेर काढून मैदानात बसवले. त्सुनामी शाळेपर्यंत यायला सुमारे ५० मिनिटे लागली. शाळेच्या मागेच टेकडी होती, तरी बहुतेक सगळा वेळ मैदानातच गेला. मुख्याध्यापक त्या दिवशी शाळेत नव्हते. टेकडीवर जावे की पुलाजवळच्या उंच जागी, यावर उलटसुलट बोलणे होत राहिले. शाळेच्या आराखड्यात त्सुनामीसाठी ‘जवळची मोकळी जागा किंवा उद्यान’ एवढेच लिहिलेले होते, आणि तशी नेमकी जागा जवळपास नव्हतीच. ७४ मुले आणि १० शिक्षक गेले. पुढे सेंदाईच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेल्या निकालात त्या दिवसाच्या धांदलीपेक्षा आधीच्या तयारीतल्या हलगर्जीवर बोट ठेवले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

म्हणून तुमच्या आराखड्याच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा. पहिली, क्रमाने तीन नावे : मुख्याध्यापक, ते नसतील तर पर्यवेक्षक, तेही नसतील तर इमारतीत हजर असलेले सर्वांत ज्येष्ठ शिक्षक. रोज परिपाठाच्या वेळी ‘आजचे निर्णय अधिकारी’ म्हणून एक नाव कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायचे. सर बाहेर निघाले की ते नाव बदलायचे, आणि हे काम शिपायाच्या ठरलेल्या कामांतच घालायचे. दुसरी गोष्ट म्हणजे लेखी अधिकार. ‘माझ्या अनुपस्थितीत शाळा सोडण्याचा, मुलांना हलवण्याचा वा थांबवून ठेवण्याचा निर्णय वरील व्यक्ती मला न विचारता घेईल व तो माझाच निर्णय मानला जाईल’, असे पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने असावे आणि त्यावर संस्थेच्या सचिवांचीही सही असावी. हे पत्र नसेल तर पर्यवेक्षक फोन लावत बसतात. अतिवृष्टीत नेटवर्क हमखास जाते आणि मोलाचा अर्धा तास हातचा निघून जातो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड : आकडा. ‘परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा’ या वाक्याने आजवर कोणाला मदत झालेली नाही. महाडचा पूर तीन गोष्टींवर ठरतो : महाबळेश्वर-पोलादपूरकडचा पाऊस, सावित्रीची पातळी आणि बाणकोट खाडीची भरती. हवामान खात्याच्या मोजणीत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार पाऊस धरतात. भरतीसाठी वेळापत्रक ठेवाच, पण कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशोबही शिक्षकांना ठाऊक असावा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ऐन शाळेच्या वेळेत उधाणाची भरती. त्या दिवशी वरच्या खोऱ्यात अतिमुसळधार पाऊस असेल, तर इशारा पातळी गाठण्याची वाट न पाहता नदीपलीकडून आणि सखल वाड्यांतून येणाऱ्या मुलांना आधी सोडायचे, असे लिहून ठेवता येते. नेमके आकडे तहसील कार्यालयातल्या नियंत्रण कक्षात बसून मे महिन्यातच ठरवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

एक जपायचे. पाणी रस्त्यावर आल्यानंतर मुलांना सोडायचे नाही. तेव्हा वरच्या मजल्यावर थांबवणे हाच निर्णय. शाळा लवकर सोडण्याची वेळ हुकली की ती हुकलीच.

भूकंपाचा धक्का बसला की मुलांना लगेच बाहेर काढायचे की वर्गातच थांबवायचे? इमारत तीन मजली आहे, जिना एकच. पालक म्हणतात, पहिले बाहेर काढा.
— शारीरिक शिक्षण शिक्षक, हिंगोली जिल्हा

तुमच्या भागात १० जुलै २०२४ ला सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला होता, त्यामुळे पालकांची काळजी रास्त आहे. पण आधी जिन्याचे गणित करून बघा. वरच्या दोन मजल्यांवर समजा ४८० मुले आहेत. सरावाच्या दिवशी जिन्याच्या सर्वांत अरुंद जागी घड्याळ घेऊन उभे राहा आणि एका मिनिटात किती मुले उतरतात ते मोजा. ६० उतरली तर सगळे खाली यायला ८ मिनिटे लागणार. अशा धक्क्याचे हलणे बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटाच्या आत थांबते. म्हणजे हलताना पळायला सांगितले तर इमारत थांबेपर्यंत कोणीही सुरक्षित पोहोचलेले नसेल आणि सगळे जिन्यात असतील. तिथे एक मुलगा पडला की मागचे वीस त्याच्यावर. जे बाहेर पोहोचतात त्यांच्या डोक्यावर कठडा, सज्जा, पाण्याची टाकी यांचे तुकडे पडण्याचा धोका असतो.

म्हणून सिमेंट-काँक्रीटच्या चौकटीच्या इमारतीत : खाली वाका, बाकाखाली डोके आणि मान झाका, बाकाचा पाय घट्ट धरा. हलणे थांबल्यावर सावकाश साठपर्यंत मोजा. मग शिक्षक आधी स्वतः दार उघडून मार्गिका आणि जिना पाहतील, आणि त्यानंतरच वर्ग निघेल. यात एक अडचण नेहमी येते. नववी-दहावीची मुले लोखंडी जोडबाकाखाली मावतच नाहीत, कारण दप्तराचा कप्पा आड येतो. सरावात प्रत्येकाला खरोखर खाली बसायला लावा. जो मावत नाही त्याने दोन बाकांच्या मधल्या जागेत गुडघ्यांवर बसून दप्तर डोक्यावर धरायचे, खिडकीच्या काचांकडे पाठ करून.

जुन्या दगडमातीच्या भिंती आणि कौलांची एकमजली शाळा असेल तर उत्तर बदलते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात सर्वाधिक बळी घेतले ते मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या भाराने. अशा खोलीत दाराजवळच्या मुलांनी लगेच मोकळ्यावर जाणे बरे. पण खरे उत्तर असे की त्या खोलीत वर्गच भरवू नये. कौलारू छपराखालची टोकाची त्रिकोणी भिंत सर्वांत आधी ढासळते. तिच्याखाली व्हरांडा असेल तर तो आजच बंद करा.

तुमच्या एका जिन्यासाठी क्रम ठरवा. आधी तळमजला मोकळा होईल, मग पहिला मजला, त्यात जिन्याजवळचा वर्ग आधी, मग दुसरा. प्रत्येक वळणावर एक शिक्षक उभा राहील. भिंतीकडच्या बाजूने एक रांग, कठड्याकडून दुसरी, आणि रांग मोडून कोणी पुढे जायचे नाही. खालचे सरकते लोखंडी दार शाळा भरलेली असताना कुलूपबंद नको. कुलूप काढून कार्यालयात खुंटीला लावा. अनेक शाळांत चोरीच्या भीतीने दाराचा एकच पल्ला उघडा असतो, आणि जिन्याची मोजणी नेमकी तिथेच निम्म्यावर येते.

वर्गातली डोक्यापेक्षा उंच कपाटे भिंतीला लोखंडी कोन आणि मोठ्या स्क्रूने बांधा. खर्च किरकोळ आहे. करंडक, ग्लोब, प्रयोगशाळेतल्या ॲसिडच्या बाटल्या वरच्या फळीवर ठेवू नका. ॲसिड सर्वांत खालच्या फळीवर, पुढे दोन इंच उंच पट्टी लावून.

इशारा देणारी विजेची घंटा धक्क्यानंतर वाजेलच असे नाही, कारण बहुधा आधी वीज जाते. टांगलेला टोल आणि त्याचा हातोडा जागेवर हवा. दोन खुणा पुरेत : थांबून थांबून तीन-तीन टोल म्हणजे ‘आहात तिथेच थांबा’, न थांबता टोल म्हणजे ‘बाहेर या’. सहा-सात खुणा ठरवल्या की ऐनवेळी एकही आठवत नाही.

अग्निशमन नळकांडी आहेत, पण वापरायची कशी हे कोणालाच माहीत नाही. डिसेंबरात स्नेहसंमेलन आहे, मंडप घालणार आहोत. काय काळजी घ्यावी?
— सांस्कृतिक विभागप्रमुख, अहिल्यानगर जिल्हा

आधी मंडप, कारण धोका तिथे जास्त आहे. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवालीत एका शाळेच्या वार्षिक समारंभात कृत्रिम धाग्याच्या मंडपाला आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत पुष्कळ लहान मुले. कापड काही मिनिटांत पेटून वितळत खाली पडले आणि बाहेर पडायची वाट अपुरी पडली. तुमच्या मंडपाला समोरासमोर किमान दोन मोकळी दारे हवीत, आणि एकाही दाराशी पाहुण्यांची गाडी, बूट-चपलांचा ढीग किंवा खाऊचे टेबल नको. खुर्च्यांच्या मधोमध आणि दोन्ही कडांना वाटा सोडा. मंडपवाल्याला सुती कापड लावायला सांगा. हॅलोजन दिवे कापडापासून हातभर तरी लांब हवेत. वायरीचे जोड नुसत्या टेपने गुंडाळलेले नकोत. जनरेटर, डिझेल आणि स्वयंपाकाचे सिलिंडर मंडपाच्या बाहेर, मंडपाकडून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला. मुख्य स्विचजवळ एक माणूस शेवटपर्यंत उभा. तो नाच बघायला गेला की व्यवस्था संपली.

आता नळकांडी. शाळेत बहुधा एबीसी पावडरचे असते. लाकूड-कागद, तेल, गॅस आणि विजेची आग, सगळ्यांवर चालते. काट्याची सुई हिरव्या पट्ट्यात आहे ना, पिनचे सील शाबूत आहे ना, हे दर महिन्याला पाहा. महिन्यातून एकदा नळकांडे उलटे-सुलटे करा, नाहीतर आतली पावडर तळाशी घट्ट बसते आणि काटा हिरव्यात असूनही नळीतून काही येत नाही. वापरताना : पिन ओढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी रोखा, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. दोन-अडीच मीटर अंतरावरून, आणि बाहेरचा दरवाजा आपल्या पाठीशी ठेवून. सहा किलोचे नळकांडे साधारण पंधरा-वीस सेकंदांत रिकामे होते. तेवढ्यात आग आटोक्यात आली नाही तर दार ओढून घ्या, बाहेर पडा, १०१ लावा. वर्षाला ते पुन्हा भरायला जातेच, त्या आधी जुनी पावडर मैदानात शिक्षक आणि शिपाई यांच्या हातून वापरून घ्या. फुकटात प्रशिक्षण होते. संगणक कक्षात मात्र कार्बन डायऑक्साइडचे ठेवा, पावडरीने यंत्रे खराब होतात.

आहार शिजवण्याच्या खोलीत गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण चालूही करायचे नाही, बंदही नाही. गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, पंख्याला हात लावू नका.

२०१९ च्या पुरात आमच्या कार्यालयात छातीएवढे पाणी होते. जनरल रजिस्टरचे दोन खंड भिजून लगदा झाले. आता दाखल्यांसाठी जुने विद्यार्थी येतात तेव्हा वाईट वाटते. पुढच्या वेळी काय करावे?
— वरिष्ठ लिपिक, शिरोळ तालुका

जनरल रजिस्टर गेले म्हणजे माणसाच्या जन्मतारखेचा आणि जातीच्या नोंदीचा पुरावा गेला. त्याचा त्रास नातवंडांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे आपत्तीच्या आराखड्यात या कामाला स्वतंत्र पान हवे.

पाणी येण्याआधी : जूनच्या पहिल्या आठवड्यात क्रमवार यादी करा. पहिले जनरल रजिस्टरचे सर्व खंड, दुसरे शाळा सोडल्याच्या दाखल्यांच्या स्थळप्रती, तिसरी सेवापुस्तके, चौथी मान्यतेची आणि जागेची कागदपत्रे, मग परीक्षेचे निकालपत्रक. त्या त्या कपाटावर १ ते ५ आकडे रंगवा, म्हणजे तुम्ही रजेवर असलात तरी शिपायाला कळेल. शिरोळला पंचगंगेबरोबर कृष्णेचेही पाणी येते, म्हणून दोन्ही पातळ्यांवर नजर ठेवा : पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, कृष्णेवरच्या सांगलीच्या आयर्विन पुलाची इशारा ४० आणि धोका ४५. दोहोंपैकी एकाने इशारा पातळी गाठली की त्याच दिवशी क्रमांक १ आणि २ वरच्या मजल्यावर न्यायचे. धोका पातळीची वाट पाहू नका. तोवर हलवायला माणसे मिळत नाहीत, सगळे आपापली घरे हलवत असतात.

लोखंडी कपाट पुरापासून वाचवत नाही. पाणी फटीतून शिरते, वह्या फुगतात, दार अडकते. वरचा मजला नसेल तर रबरी कड असलेले झाकणाचे प्लास्टिकचे पिंप चांगले, पण तेही उंचावर दोरीने बांधून ठेवा, नाहीतर तरंगत जाते. आणि प्रत्येक पानाचे मोबाइलने नीट छायाचित्र घ्या : दिवसाउजेडी, वरून सरळ धरून, पान क्रमांक दिसेल असे. एक प्रत शाळेत, एक संस्थेच्या कार्यालयात, एक पूररेषेबाहेर कोठेतरी.

तरीही भिजलेच तर : पाने उलगडण्याचा प्रयत्न करू नका. ओला कागद बोट लागले तरी फाटतो. उन्हात वाळवू नका, पाने आक्रसून एकमेकांना चिकटतात. साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते, म्हणून घाई दोन दिवसांचीच. थोडेच खंड असतील तर उभे ठेवून, पाने किंचित फाकवून, सावलीत पंख्याखाली ठेवा आणि मध्ये मध्ये कोरा टिपकागद घालून तासातासाने बदला. खंड जास्त असतील तर प्रत्येक खंड मेणकागदात गुंडाळून शीतगृहात गोठवायला द्या. गोठल्यावर बुरशी थांबते आणि पुढे जाणकारांकडून सवडीने वाळवून घेता येते. दौतीच्या शाईने लिहिलेले जुने खंड पाण्याने धुवायचे नाहीत, चिखल लागला असला तरीही. शाई विरघळते. बॉलपेनची नोंद त्या मानाने टिकते.

धो धो पावसात पालक एकदम फाटकावर येतात, आरडाओरडा होतो, कोणाचे मूल कोणाबरोबर गेले ते कळत नाही.
— वर्गशिक्षिका, ठाणे

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबई-ठाण्यातली कितीतरी मुले शाळांत आणि बसमध्ये अडकून पडली. तशी वेळ गृहीत धरून मुले ताब्यात देण्याची पद्धत बसवा. जूनमध्ये प्रत्येक पालकाकडून एका कार्डावर तीन नावे घ्या : मुलाला नेण्याचा अधिकार असलेले तिघे, फोनसह. कार्डे इयत्तेनुसार पत्र्याच्या डब्यात, कागदीच. मोबाइल बंद पडतो. त्या दिवशी फाटकाच्या आत इयत्तेनुसार टेबले लावा. पालक टेबलाशी नाव सांगतील, आर.एस.पी. (शाळेचे रस्ता सुरक्षा पथक) वा स्काउटची मुले चिठ्ठी घेऊन वर्गात जातील, मूल खाली येईल, पालक वेळ घालून सही करतील. पालकांनी वर्गापर्यंत जायचे नाही आणि वर्गशिक्षकांनी वर्ग सोडायचा नाही. ‘शेजारचे काका आलेत’ म्हणून कार्डावर नाव नसलेल्या माणसाबरोबर पाठवायचे नाही, काका खरेच शेजारचे असले तरी. आधी आईवडिलांशी बोलणे व्हावे.

पालकांच्या गटात पाठवायचे संदेश आधीच लिहून ठेवा. ‘मुले शाळेत सुखरूप आहेत, न्यायला येण्याची घाई करू नका, पुढचा संदेश चार वाजता’ हा पहिला. त्यातली वेळ पाळा. चारला नवे काही नसले तरी ‘स्थिती तीच आहे’ एवढे कळवा, म्हणजे गर्दी निम्मी ओसरते.

रात्र काढावी लागली तर हिशोब असा : प्यायला माणशी दिवसाला तीन लिटर पाणी, म्हणजे २०० मुलांना ६०० लिटर. खिचडीला आहार योजनेच्या उच्च प्राथमिक प्रमाणाने १५० ग्रॅम तांदूळ धरला तर ३० किलो. ते धान्य आपत्तीत सगळ्या मुलांसाठी वापरता येईल का, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून आधीच लेखी घ्या. मुलींसाठी वेगळी खोली, दाराशी दोन शिक्षिका, आणि सॅनिटरी पॅडची दोन-तीन पाकिटे. हे शेवटचे यादीत नेहमी राहून जाते.

दुपारच्या तासाला मैदानात असताना ढग आले तर खेळ केव्हा थांबवायचा?
— क्रीडा शिक्षक, यवतमाळ जिल्हा

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाज एका किलोमीटरला साधारण तीन सेकंद घेतो. तीस किंवा त्याहून कमी आले की शिट्टी, सगळे पक्क्या खोलीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. झाड, सायकलींची पत्र्याची शेड, ध्वजस्तंभ, नळाचा कट्टा यांपासून दूर. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिसरातल्या विजा दाखवते. ते तुमच्या फोनवर हवेच. वीज पडलेल्या मुलाला हात लावल्याने शॉक बसत नाही. श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा, दुसऱ्याने १०८ लावावा.

दर सहा महिन्यांनी रंगीत तालीम होते, छायाचित्रे आणि अहवाल पाठवतो. तरी मुलांना काही कळत नाही असे वाटते. आणि आमच्या नववीत चाकाच्या खुर्चीवरचा एक विद्यार्थी आहे, तो तालमीच्या दिवशी घरीच थांबतो.
— मुख्याध्यापिका, नाशिक जिल्हा

तारीख आधी जाहीर झालेली, मुले मैदानात गणवेशात रांगेने, पाहुण्यांचे भाषण : अशा तालमीतून अडचणी दिसतच नाहीत. पुढची तालीम मधल्या सुटीत घ्या, कारण खरी घटना तासाच्या वेळेतच होईल असे नाही. न सांगता एक जिना ‘बंद’ म्हणून दोरी बांधा. एका वर्गशिक्षकाला बाजूला बसवून तो हजर नाही असे धरा. मैदानात हजेरी घेताना पटावरची नव्हे, त्या दिवशीची उपस्थिती मोजा. हजेरीपत्रक वर्गातच राहिले असे अनेकदा होते, तेव्हा सकाळची उपस्थिती दहा वाजताच एका कागदावर कार्यालयात यावी आणि तो कागद टोल देणाऱ्याने सोबत न्यावा. अहवालात ‘तालीम यशस्वी’ लिहू नका. एकूण वेळ, कोठे अडले, कोण मोजणीत सापडले नाही आणि दुरुस्ती कोणी कोणत्या तारखेपर्यंत करायची, हे चार रकाने भरा. पुढच्या तालमीच्या सकाळी तोच कागद शिक्षकांसमोर ठेवा.

त्या विद्यार्थ्याला तालमीच्या दिवशी आवर्जून बोलवा. त्याचा वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर जूनच्या वेळापत्रकातच तो वर्ग तळमजल्यावर आणा. प्रयोगशाळेसाठी वर जावे लागत असेल तर त्याला उचलून आणणाऱ्या चार मोठ्या माणसांची नावे ठरवा, दोन उचलणारे आणि दोन राखीव. मुलांवर ही जबाबदारी टाकू नका. कसे उचलायचे हे आधी त्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या आईवडिलांना विचारा. कुठे धरल्यावर दुखते, पाठीला आधार किती लागतो, हे त्यांना पक्के ठाऊक असते. खुर्चीसकट उचलायचे असेल तर ब्रेक लावलेले हवेत आणि पकड पक्क्या चौकटीला हवी. हातटेकणी आणि पायटेकणी अनेक खुर्च्यांत निघून हातात येतात.